पेटीतला आशिया

मी आशियाचा नकाशा बोलतोय. आवाज दबका येतो, कारण पत्र्याच्या पेटीत गुंडाळलेला पडलोय. वर दोन गोधड्या, बाहेर कुलूप.

अहमदपूरच्या एका कॉलेजात मी तीस वर्षं लटकलो. मला रद्दीत काढलं तेव्हा राज्यशास्त्राचे सुगत सर मला काखेत मारून घरी घेऊन आले. माझ्यावर अहमदपूर छापलेलं नव्हतं. सरांनी निळ्या शाईचा ठिपका दिला.

त्यांची छडी नेहमी चीनवर थांबायची. "शेजारी बळकट झाला म्हणून मी भीत नाही," ते सांगत. "तो लष्करावर खरा किती खर्च करतो, कशासाठी करतो, ते पुरतं सांगत नाही, म्हणून भितो. मग आजूबाजूचे सगळेच शस्त्रं जमवत बसतात." आणि लगेच, "म्हणजे, मला असं वाटतं. चुकतही असेन."

पुढं त्यांची नात दामिनी लष्करात कॅप्टन झाली. तिची बदली लडाखला झाली. नेमकी कुठं, ते सांगायची मुभा नव्हती.

सरांच्या पत्नी महामायाबाई फोनवर एकच विचारत, "डाळ शिजती का गं तिकडं?"

"कुकरला दहा शिट्ट्या लागतात, आजी."

उंचावर डाळ उशिरा शिजते, म्हणून सरांनी शिट्ट्यांवरून उंची काढली. फोन कोणत्या वेळी लागतो, मागं नदी वाजते का, सगळं वहीत टिपलं. आठ दिवसांनी माझ्या हिमालयात लाल टाचणी रुतली. "अंदाज आहे," ते पुटपुटले.

बाईंनी कौतुकानं माझा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. 'आमची दामिनी हितं हाय.' चहा निवायच्या आत तो उमरी, जळकोट करून पार पुण्याला पोचला.

संध्याकाळी दामिनीचा फोन आला. "आजोबा, टाचणी काढा. फोटो सगळ्यांना पुसायला लावा."

"पण जागा बरोबर आहे का?"

"ते विचारू नका."

"चुकली असेल तर तेवढं तरी सांग, बाळा. मी सुटेन."

"ठेवते, आजोबा."

बाई डोळे पुसत म्हणाल्या, "लेकरू कुठं हाय, ते मलाबी कळू नये का?"

"मी जन्मभर हेच विचारत आलो," सर म्हणाले. "फक्त दुसऱ्याला."

जळकोटला चीनच्या या लपवाछपवीवरच त्यांचं व्याख्यान होतं. तब्येतीचं कारण कळवलं आणि मला पेटीत घातलं. नातेवाइकांनी फोटो पुसले म्हणतात. पुढं कुणाकुणाकडं गेले, कोण सांगणार? सर दिवसातून दोनदा कुलूप ओढून बघतात. हिशेब चुकला असेल तर अभ्यास वाया, बरोबर असेल तर पोरीच्या जिवाला घोर. कोणतं मागावं, तेच त्यांना कळत नाही.

टाचणी निघाली, भोक राहिलं. ती जागा खरी की खोटी, मलाही ठाऊक नाही.

एवढंच मागणं आहे. दामिनी सुट्टीवर आली की मला उघडा. तिला वर हिमालयातलं काही विचारू नका. खाली त्या निळ्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणू द्या, "आजोबा, आत्ता मी इथं आहे."