उकिरड्यातली पिशवी

परंड्याच्या कुर्डुवाडी रस्त्यावर आण्णासाहेबांचा पिशव्यांचा कारखाना आहे. उम्मेहानी तिथं नऊ वर्षांपासून मशीन चालवते. प्लास्टिकचा दाणा वितळला की त्याचा पातळ फुगा वर चढतो, चपटा होऊन गुंडाळला जातो आणि मग त्याच्या पिशव्या कापतात. फुग्याकडं नुसतं बघून मशीन किती तापलंय ते ती सांगते.

गेल्या उन्हाळ्यात नव्या दाण्याची पोती आली. पातळ प्लास्टिकवर बंदी, म्हणून आण्णासाहेबांनी मक्याच्या पिठापासून केलेला दाणा मागवला होता. मशीनमधून भाजक्या कणसासारखा वास येऊ लागला. दोन दिवस फुगा सारखा फाटत होता. उम्मेहानीनं आच कमी करत करत तिसऱ्या दिवशी तो जमवला.

आण्णासाहेबांनी खुशीत पिशवी ताणून पाहिली. "हिच्यावर छापायचं, 'फेकली तरी मातीत विरते.'"

"कुठल्या मातीत?" उम्मेहानीनं विचारलं.

"माती म्हंजे माती, बाई. सहा महिन्यांत विरते म्हणं."

तिला ते पटलं नाही. तिच्या शेजारी द्वारकाबाई राहायच्या. त्यांच्या दोन म्हशी होत्या आणि घरामागं मोठा उकिरडा. उम्मेहानी तीन पिशव्या घेऊन त्यांच्याकडं गेली. एक नवी पिशवी परसाच्या बांधावर पुरली, दुसरी नवी उकिरड्यात, आणि तिसरी जुन्या प्लास्टिकची, तीही उकिरड्यातच.

"जुनी कशाला गं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"मुकाबल्याला, काकू. दोन्हींतला फरक कळंल."

दर रविवारी दोघी उकरून बघायच्या. महिनाभर काहीच झालं नाही. मग एका रविवारी द्वारकाबाई दारातच उभ्या दिसल्या.

"मला धीर न्हाय निघाला. परवाच उकरलं म्या. चल, दावते."

उकिरड्यातली नवी पिशवी हातात येताच तुटत होती. ओल्या पापडासारखे तुकडे पडले. जुनी मात्र धुतल्यावर जशीच्या तशी निघाली. मग दोघी बांधावर गेल्या. तिथली नवी पिशवीही धडधाकट होती. उम्मेहानीनं तिच्यात पाणी भरलं, तर एक थेंब गळला नाही.

"एकाच दाण्याची ना दोन्ही?" द्वारकाबाई चक्रावल्या.

"व्हय, एकाच पोत्यातली."

द्वारकाबाईंनी उकिरड्यात कोपरापर्यंत हात घातला. "आत हात घालून बघ. किती उबारा हाय! ओल बी हाय. बांधावर काय, नुसता फुफाटा."

उम्मेहानीनं हात घातला आणि हसली. जो दाणा वितळवायला तिनं आच कमी केली होती, त्याला कुजायला मात्र आच लागत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं उकिरड्यातले तुकडे आणि बांधावरची पिशवी आण्णासाहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी तुकडे बोटांनी चुरून पाहिले. 'मातीत विरते' असा छपाईचा साचा तर तयार झाला होता. संध्याकाळी ते स्वतः द्वारकाबाईंच्या परसात आले, बाह्या सारून उकिरड्यात हात घालून बसले.

"लई गरम हाय की," ते म्हणाले. "उम्मेहानी, साचा बदलू. काय लिहायचं, तूच सांग."

"शेणखताच्या उकिरड्यात पुरा. उघड्यावर टाकू नका."

तेच छापलं. पहिला गठ्ठा बाहेर गेला त्या दिवशी उम्मेहानी पुन्हा द्वारकाबाईंच्या दारात आली. तिच्या हातात नवी पिशवी होती.

"काकू, पाण्यात टाकली तर काय होत असंल?"

"हिरीत न्हाय हं टाकायची," द्वारकाबाई उठल्या. "थांब, बादली आणते."