क्रॉलीच्या थडग्यावरचा खळगा

दफनभूमीत कबरी खणणारा जेरोम लूसी गुडघ्याखाली पोतं घेऊन एका सैनिकाच्या दगडावर चढलेली वेल कोयत्याने सोडवत होता. वेलीची मुळं थेट अक्षरांत शिरली होती. ओढली की जुनं कापड फाटावं तसा बारीक आवाज यायचा. दुपारचे तीन वाजले नव्हते, पण नदीवरचं धुकं भिंत ओलांडून आत आलं होतं आणि चर्चचा मनोरा निम्म्यावरच संपला होता.

"नाव वाचता येतंय का हो त्यावरचं?"

त्याने मागे वळून पाहिलं. साठीच्या पुढची एक बाई उभी होती. करडा कोट, पुरुषी छत्री, हातात घडी घातलेला कागद. बोलणं इंग्लंडकडचं. उत्तरेत इंग्रजांविरुद्ध बॉम्ब फुटायला लागल्यापासून किलावनमध्ये असं बोलणारं माणूस सहसा फिरकत नसे. फिरकलं, तरी उगाच तोंड उघडत नसे.

"येईल, थोडी वेल निघाली की," जेरोम म्हणाला. "पलटणीतला ढोल वाजवणारा पोरगा आहे. पंधरा वर्षांचा. तापानं गेला."

"मी एक थडगं शोधतेय."

"मग जागा तरी बरोबर निवडलीत."

ती हसली नाही, पण तिला राग आला असंही दिसलं नाही. हेस्टर टॉली, असं तिने नाव सांगितलं. जेरोम उठला, गुडघे झटकले. टॉली हे नाव त्याने आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. तरी ती कुणासाठी आली आहे हे त्याला कळलं. असं कुणीतरी एक दिवस येणार, हे तो अकरा वर्षं धरून चालला होता.

उत्तरेच्या भिंतीलगत इंग्रजी छावणीतल्या सैनिकांचे एकोणतीस दगड होते. तिने एकही सोडला नाही. प्रत्येकासमोर थांबून ती नाव ओठातल्या ओठात वाचायची आणि कागदावर बारीक खूण करायची. जेरोम एक पाऊल मागे राहून सांगत गेला: हा क्रिमियाच्या लढाईतून धडधाकट परत आला आणि इथल्या बर्फावरून घसरून मेला, ही सार्जंटची बायको आणि तिची तीन लेकरं, हे सात जण अठरा सालच्या साथीत एकाच आठवड्यात गेले. एकोणतिसाव्या दगडाशी तिने पेन्सिल कोटाच्या खिशात टाकली.

"नाही इथं."

"कोण होता तुमचा?"

"भाऊ. विल्फ्रेड. तुमच्या इथल्या छावणीत होता. एकवीस सालच्या मार्चमध्ये संध्याकाळी फाटकाबाहेर पडला तो परत आलाच नाही. एकोणीस वर्षांचा होता." तिने छत्रीचं टोक वाळूत रुतवलं. "मी बारा वर्षांची होते. लष्करातून पत्र आलं, पळून गेला म्हणून. आई चौदा वर्षं मागच्या दाराची कडी लावत नव्हती. पळून आला तर रात्री येईल, पुढच्या दारानं कसा येणार, म्हणायची. गावात मेलेल्या पोरांचं स्मारक झालं. त्यावर त्याचं नाव घ्या म्हणून ती पाद्रीकडे गेली. पाद्री म्हणाला, पळपुट्याचं नाव कोरायला दगड नाही आमच्याकडे."

जेरोमने कोयत्याचं पातं पोत्याला पुसलं. ते आधीच स्वच्छ होतं.

"नोंदवहीत नाही त्याचं नाव," तो म्हणाला. हे खरं होतं. नोंदवहीत नव्हतंच.

"मग बाकीचं तरी दाखवा. इतक्या लांब आलेच आहे."

नाही म्हणायला त्याला कारण सुचलं नाही. तो तिला बिशपच्या संगमरवराकडे घेऊन गेला. दुष्काळात तापाच्या रोग्यांची सेवा करता करता त्यांच्यातच पुरल्या गेलेल्या डॉक्टरचा खांब दाखवला. दोन नवरे दोन बाजूंना आणि आपण मधोमध, असं मृत्युपत्रात लिहून ठेवणाऱ्या श्रीमती ब्रॉफींची जागा दाखवली. तिथे ती जराशी हसली. पुढे वळणावर स्वयंसेवकांचा चौथरा आला. इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्याच्या लढाईत पडलेले गावचे अकरा जण, वर काठीला चिकटून बसलेला ओला झेंडा. ही इथून भराभर जाईल असं जेरोमला वाटलं होतं. ती थांबली, मान खाली घातली, आणि वयं वाचायला लागली.

"एकोणीस. बावीस. एकोणीस," ती म्हणाली. "काय एवढीएवढीशी होती सगळी."

चौथऱ्याच्या पलीकडच्या बाकावर बॅट हेनेसी बसला होता. स्वयंसेवकांच्या तुकडीतला जिवंत उरलेला शेवटचा माणूस. गावात त्याला रस्ता द्यायला मोटारी थांबत. जेरोमने त्याला पाहून मान हलवली. बॅटने हलवली नाही. तो त्या बाईच्या तोंडाकडे बघत होता.

दोघं पुढे निघाली तेव्हा मागून काठीचा आवाज यायला लागला. वाळूवर एक टोला, मग पाय घासल्याचा आवाज, मग पुन्हा टोला. जेरोम थांबला की तोही थांबायचा. मागे वळून पाहिलं तर धुक्याशिवाय काही नाही. झाडांवरचे कावळे एकाएकी गप्प झाले होते.

"तुमच्या ओळखीचे आहेत का ते?" तिने विचारलं.

"इथं सगळेच ओळखीचे. वरचेही आणि खालचेही."

त्याने मुद्दाम लांबची वाट धरली होती, जुन्या यू वृक्षाला वळसा घालून. पण तिची नजर त्या झाडाखालीच गेली.

"ते वाकडं झालेलं थडगं कुणाचं?"

"ते होय. ओवेन क्रॉली. आंधळा होता. काखेतल्या भात्याचा पाइप वाजवायचा. आसपासच्या चार परगण्यांत तसा वाजवणारा झाला नाही म्हणतात. लांबलांबून येतात लोक बघायला." एवढं सांगून त्याने पाऊल पुढे टाकलं. ती मात्र वाट सोडून गवतात शिरली होती.

क्रॉलीचा दगड पुरुषभर उंच, त्यावर कोरलेला भाता आणि नळ्या, आणि सगळाच्या सगळा डावीकडे कललेला. तीनदा सरळ केला होता. एकदा तर कॉर्कहून माणसं आणून खाली काँक्रीट ओतलं. वर्ष संपायच्या आत दगड पुन्हा कलला.

ती दगडाकडे बघतच नव्हती. ती खाली बघत होती.

थडग्यावरची माती खचली होती. दर वसंतात जेरोम तिथे दोन हातगाड्या माती टाकी, दाबी, गवताचं बी पेरी. त्याच्या आधी त्याचा बाप मॉसी टाकायचा. आणि दर नोव्हेंबरात खळगा परत वर येई, तोच. क्रॉलीच्या दगडाला सरळ रेषेत नव्हे, तिरका. माणसाच्या लांबीपेक्षा आखूड, एका टोकाला गोल, मधे वाकलेला. जेरोमने बायकोलासुद्धा हे कधी दाखवलं नव्हतं. दाखवावं असं वाटलं की त्याला तिथे उभं राहवत नसे.

"कुणीतरी पाय पोटाशी घेऊन कुशीवर झोपल्यासारखं दिसतंय," हेस्टर टॉली म्हणाली.

 जेरोमने दोन्ही हात खिशात घातले.

बापाने हे त्याला अकरा वर्षांपूर्वी, मरायच्या आठवड्यात सांगितलं होतं, भिंतीकडे तोंड करून. क्रॉलीचा अंत्यविधी त्या दिवशी दुपारी होता, खड्डा आदल्या दिवशीच खणून ठेवलेला. मॉसी सकाळी उजाडता उजाडता हत्यारं घेऊन आला, तर फाटकावर एक जण, आत धुक्यात तिघं उभे, आणि त्यांच्यात लष्करी गणवेशातला एक पोरगा. आणखी दोन फूट खाली जा, असं मॉसीला सांगण्यात आलं. त्याने कोट काढला. ठेवायला कोरडी जागा दिसेना म्हणून तो इकडेतिकडे बघायला लागला, तर त्या पोराने हात पुढे केला, इकडे द्या म्हणाला. मॉसी खणत होता तेवढा सगळा वेळ तो खड्ड्याच्या कडेला कोट धरून उभा होता. खणून झाल्यावर त्याने कोटाच्या बाह्या आत घेऊन नीट घडी घातली आणि मॉसीच्या हातात दिली. दुपारी चार परगण्यांतले लोक क्रॉलीला पोचवायला आले, प्रार्थना झाल्या, शोधायला आलेले सैनिकही टोप्या काढून उभे राहिले, आणि खाली काय आहे ते कुणालाच कळलं नाही.

"बाई," जेरोम म्हणाला, "जरा मागे सरका. तिथली जमीन..."

"तिथली जमीन काय?"

ती सरकली नाही. मागे काठीचा आवाज अगदी जवळ येऊन थांबला.

"जेरोम."

बॅट हेनेसी झाडाखाली उभा होता. त्याच्या मिशीवर धुक्याचे थेंब होते. जेरोमच्या मनात आलं, संपलं आता. बापाला मरेपर्यंत याच आवाजाने गप्प ठेवलं होतं. फार बोलावं लागत नसे. दुकानात समोरासमोर आले की बॅट नुसतं 'मॉसी' म्हणायचा.

"मी काही सांगितलं नाही त्यांना," जेरोम म्हणाला.

"ऐकलं मी." बॅट त्याच्याकडे न बघता दोन पावलं पुढे आला. "तुमच्या माणसाचं नाव काय हो, बाई?"

"विल्फ्रेड टॉली. घरी विल्फ म्हणायचो."

"विल्फ." बॅटने ते नाव जिभेवर घोळवून पाहिलं. मग पुन्हा म्हटलं, सगळं. "विल्फ्रेड टॉली. आम्ही विचारलं नव्हतं. नाव विचारायचं नाही, असं बजावलं होतं आम्हाला. नाव कळलं की हात उचलत नाही म्हणून."

 यूच्या फांदीवरून पाणी गळत होतं.

"त्या आठवड्यात आमची दोन पोरं इंग्रजांनी कोठडीत मारली होती," बॅट म्हणाला. "त्याच्या बदल्यात कोणीही चालणार होता. हा पुलावर एकटा सापडला. कुणासाठी तरी पत्र टाकायला चालला होता. तो पळाला नाही, बाई. आम्ही हात बांधले नव्हते, तरी पळाला नाही."

"तुम्ही होतात तिथं?"

"होतो. आधी फाटकावर उभा होतो, कुणी येतंय का बघायला." बॅटने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "नंतर आत बोलावलं मला. चौघांत मीच लहान होतो. म्हणाले, कधीतरी शिकायला पाहिजे."

जेरोमला हे माहीत नव्हतं. चौघांपैकी पोराला मारलं कुणी, ते बापाने सांगितलं नव्हतं. ज्या माणसासाठी गावात मोटारी थांबत होत्या त्याची मान कॉलरमध्ये किती बारीक दिसते आहे, हे त्याला आज पहिल्यांदा दिसलं.

हेस्टर टॉलीने कागदाची घडी उलगडली, पुन्हा घातली. तिचा चेहरा फारसा बदलला नव्हता. फक्त ती अचानक खूप दमल्यासारखी दिसायला लागली, लांबून चालत आलेलं माणूस दारात दिसतं तशी.

"हे लिहून द्याल?" तिने विचारलं. "तो पळाला नव्हता एवढंच. बाकीचं मला नको."

"देईन. सहीसकट देईन. बाकीचंही लिहीन." बॅटने टोपी काढली. "उशीर झाला, ते ठाऊक आहे मला."

"आईला झाला," ती म्हणाली.

जेरोमने घसा साफ केला. वर क्रॉली आहे, त्याच्या घरच्यांना विचारावं लागेल, बिशपची परवानगी लागेल, पण तिची इच्छा असेल तर पोराला वर काढून तिच्या गावी नेता येईल, असं तो अडखळत म्हणाला. वेळ लागेल, पण होईल. खणायचं काम तो स्वतः करेल.

 खाली वाकून तिने खळग्याच्या कडेला, गोल टोकापाशी, तळवा टेकवला, आणि तसाच ठेवला.

"बघू. आज नको काही ठरवायला," ती म्हणाली. मग मान वर न करता विचारलं, "खाली ओल आहे का हो? लहानपणी त्याची छाती सारखी भरायची. आई त्याला ओल्या गवतावर बसूसुद्धा द्यायची नाही."

नदीकडच्या या कोपऱ्यात चार फुटांखाली पाणी लागतं, हे जेरोमइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. हिवाळ्यात इथे बादलीने उपसल्याशिवाय खड्डा होत नसे.

"कोरडं आहे," जेरोम म्हणाला. "खाली सगळी वाळू आहे."

तिने मान वळवून बॅटकडे पाहिलं. त्या पहाटे पोराला खाली ठेवायला बॅट स्वतः गुडघाभर पाण्यात उतरला होता.

"कोरडं," तो म्हणाला. "अगदी कोरडं आहे, बाई."