मागचे दिवे

प्राप्ती गोणपाटावर उताणी पडून पिकअपच्या पोटाला तारेचा ब्रश घासत होती आणि गंजाचा भुगा तिच्या कपाळावर, भुवयांवर, घट्ट मिटलेल्या ओठांवर पडत होता. तेवढ्यात मागच्या फाळक्याच्या बाजूनं पप्पांचा आवाज आला.

"अमिषा, टेस्टर दे गो."

ब्रश थांबला. गेल्या वर्षीपर्यंत या वाक्यात प्राप्तीचं नाव असायचं. दहाचा पाना कुठला, बाराचा कुठला, हे ती डब्यात न बघता बोटांनी चाचपून ओळखायची. पप्पांनी नुसता हात मागं केला तरी त्या हाताला काय हवंय ते तिला कळायचं. आता तो हात मागं व्हायचा आणि त्यात अमिषा काहीतरी ठेवायची.

थळच्या किनाऱ्यावर होड्या ओढल्या, त्यांच्यावर प्लास्टिक चढलं, की पप्पांची पिकअपही घरामागच्या पत्र्याखाली उभी राहायची. मासेमारी बंद, मग अलिबागच्या बाजाराच्या खेपाही बंद. वर्षभर क्रेटांतून गळलेलं बर्फाचं खारं पाणी हौद्याचा पत्रा खात राहायचं, चासीत शिरायचं, वायरी कुजवायचं. बंदीच्या दिवसांत घरची माणसंच ते सगळं निस्तरायची. घासायचं, भोक पडलं तिथं ठिगळ मारायचं, तांबडा प्रायमर लावायचा, मग रंग. आणि होड्या पाण्यात जायच्या आदल्या संध्याकाळी बॉनेटसमोर नारळ फोडून चावी फिरवायची. ती चावी नेहमी प्राप्तीच्या हातानं फिरायची. गाडीला तिचा हात लाभतो, असं घरात बोललं जायचं. बोलायचे पप्पाच.

यंदा आत्याची अमिषा आली. पेणला आयटीआयमध्ये वायरमनचं शिकते. सुट्टीत आठ दिवस राहायला म्हणून आली आणि दुसऱ्याच दिवशी, चहाचा कप हातात असतानाच, पिकअपच्या डॅशबोर्डखाली डोकं घालून म्हणाली, "मामा, हे वायरिंग नाय, ही जाळी हाय. सगळं काढूया."

आणि पप्पा हसले. प्राप्ती हेच म्हणाली असती तर "गप बस" म्हणाले असते, याबद्दल तिला तिळभर शंका नव्हती.

त्या दिवसापासून कामाची वाटणी झाली. अमिषाकडं वायरी आल्या. ब्रेकची वेगळी, इंडिकेटरची वेगळी, प्रत्येकीवर टेपचा छोटा झेंडा. प्राप्तीकडं गंज आला. जेवताना आई अमिषाच्या ताटात बोंबील वाढायची आणि म्हणायची, "पोरीचे हात बघा कसे चालतात." प्राप्ती आपले हात ताटाखाली घ्यायची. नखांत तांबडं शिरलेलं, धुऊनही न जाणारं.

शेजारचा धनेश विडी ओढत कुंपणाशी यायचा.

"दयाराम, पगारी माणूस ठेवलास वाटतं?"

"माझी भाची हाय ती," पप्पा म्हणायचे. "अलिबागेत कुणी करून दाखवावं असं वायरिंग."

"आणि ही खालची?"

"ती काय, आपली प्राप्तीच हाय."

पिकअपखाली प्राप्तीनं ते ऐकलं. आपली प्राप्तीच. घरची कळशी असते तशी. तिनं ब्रश इतका दाबला की एक तार तुटून तिच्या बोटात घुसली.

मग तिनं ठरवलं की प्रायमर असा लावायचा, बघणाऱ्यानं वायरी विसराव्यात. हौद्याच्या खालच्या पट्ट्या तिनं पॉलिशपेपरनं पुसून काढल्या, फडक्यानं रॉकेल फिरवलं, सुकू दिलं. पहिला हात, मग दुसरा. कोपऱ्याकोपऱ्यात बारीक ब्रश. ओघळ नाही, केस चिकटलेला नाही. गाडीचं पोट नव्या कौलासारखं दिसायला लागलं.

फक्त मागच्या चाकाजवळ, चासीवर, एक जागा डोळ्यांत सलत होती. तिथं अमिषानं एक काळी वायर बोल्टनं अडकवली होती आणि भोवतालचा रंग खरवडून लोखंड उघडं केलं होतं, पाच रुपयांच्या नाण्याएवढं. चकचकीत. प्राप्तीच्या सगळ्या तांबड्यात तेवढंच पांढरं.

"आपलं झालं की दुसऱ्याच्या कामावर ओरखडे काढायचे," प्राप्ती स्वतःशीच पुटपुटली. हाक मारून विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे तिच्याकडून शिकायचं. प्राप्तीनं बोल्ट काढला, वायर बाजूला केली, त्या जागेवर आणि बोल्टाच्या पिळांवरसुद्धा मन लावून दोन हात दिले, आणि सुकल्यावर सगळं होतं तसं कसून टाकलं. आता पोट सलग होतं. तिला फार बरं वाटलं.

नारळाच्या संध्याकाळी अंगणात चार माणसं जमली. बॉनेटला हार होता, आईनं हळदकुंकू लावलं, धनेश विडी कानावर ठेवून उभा होता. पप्पांनी नारळ फोडला, पाणी दोन्ही चाकांवर शिंपडलं आणि खिशातून चावी काढली. प्राप्तीनं ओढणीला हात पुसले. सवयीनं एक पाऊल पुढं टाकलंही.

"या साली अमिषाचा हात लावू," पप्पा म्हणाले. "सगळं तिनंच जागं केलंय."

अमिषानं प्राप्तीकडं बघितलं. "मामा, तीच लावू दे ना. मला नको."

"अगं घे. लाजतेस काय."

प्राप्तीनं पुढचं पाऊल मागं घेतलं, जणू चप्पल नीट करत होती.

इंजिन एका झटक्यात लागलं. पुढचे दिवे अंगणभर पसरले. हॉर्न वाजला, आईनं टाळ्या वाजवल्या. मग पप्पा मागं गेले, आणि टाळ्या थांबल्या. मागचे दिवे नुसते मिणमिणत होते, आत राख असावी तसे. अमिषानं ब्रेक दाबला तर ब्रेकचा दिवा लागायचं सोडून दोन्ही इंडिकेटर हळूच लुकलुकले.

"आयटीआयचा लाइट पेणलाच राहिला वाटतं," धनेश म्हणाला.

पप्पांनी हारातली एक पाकळी उगीच तोडली. प्राप्तीच्या छातीत काहीतरी गोड, गरम पसरत गेलं आणि ते चेहऱ्यावर येऊ नये म्हणून ती खाली वाकली, चपलेकडं.

अमिषा खाली उतरली. टेस्टर घेऊन ती एकेका झेंड्याशी थांबत मागं गेली, शेवटी चाकाजवळ उकिडवी बसली आणि हात आत घातला. प्राप्तीला तिथून तिचा चेहरा दिसत होता. अमिषानं बोल्टावरून बोट फिरवलं. मग त्या गुळगुळीत तांबड्यावरून, एकदा, पुन्हा एकदा. तिनं मान वळवून प्राप्तीच्या नखांकडं बघितलं.

पॉलिशपेपरचा तुकडा अमिषाच्या खिशातच होता. तो काढून ती म्हणाली, "माझंच चुकलं, मामा. अर्थिंगची जागा नीट साफ झाली नाय. लोखंडाला लोखंड भिडलं नाय तर मागं करंट फिरत नाय. दोन मिनिटं द्या."

"होतं असं," पप्पा लगेच म्हणाले. आवाज किती मऊ. "कबूल करायला पण धाडस लागतं. बघ धनेश."

प्राप्तीचं गोड, गरम जे होतं ते जागच्या जागी आंबलं. नाण्याएवढी ती जागा तिला आठवली, चकचकीत, मुद्दाम उघडी ठेवलेली. वायरी तिच्या. भाची ती. बोंबील तिला, चावी तिला, आणि आता ही चूकसुद्धा ती उचलून नेत होती, कौतुकासकट.

"तिनं नाय केलं," प्राप्ती म्हणाली. "मी केलंय."

सगळे वळले.

"तिनं जागा साफच ठेवलेली. मी बोल्ट काढून रंग लावला. दोन हात. माझं काम हाय ते." तिनं अमिषाच्या हातातून पॉलिशपेपर जवळजवळ हिसकावला. "आण इकडं. माझं मी काढते."

कुणी काही बोलायच्या आत ती गोणपाटावर पडून गाडीखाली सरकली. घासताना सगळ्या कामातला तिचा सर्वात नितळ रंग चुरा होऊन तिच्या तोंडावर पडत होता. मग शेजारी दुसरं गोणपाट सरकलं. अमिषा आत आली, तिनं वायरचं टोक धरून ठेवलं.

"मला काय माहीत, उघडंच ठेवायचं असतं ते," प्राप्ती म्हणाली.

"मी सांगायला पायजे होतं." अमिषा जरा थांबली. "आमच्याकडं गाडीला दादाच हात लावतो. मी नुसती दुरून बघते. इथं मामा माझ्याकडं टेस्टर मागतात ना, तर मला सुचतच नाय काय बोलायचं."

कितीचा पाना ते न सांगता प्राप्तीनं नुसता हात पुढं केला, आणि अमिषानं त्यात पाना ठेवला. बाराचाच. बोल्ट कसला गेला.

दोघी बाहेर आल्या तेव्हा पप्पांनी चावी काढून हातावर धरली होती. त्यांनी प्राप्तीच्या लाल तोंडाकडं बघितलं, हसू दाबलं.

"जा. तू लाव."

सीट अजून अमिषाच्या उंचीला पुढं ओढलेली होती. प्राप्तीनं ती मागं सरकवली, आपल्या जागेवर आणली. चावी फिरवली, ब्रेकवर पाय दिला. तिथून तिला मागचं काही दिसत नव्हतं, आरशात दिसेल तेवढंच. आरशात लाल उजेड पडला आणि त्या उजेडात पप्पा आणि अमिषा दिव्यांकडं वाकलेले दिसले. पप्पांचा हात अमिषाच्या डोक्यावर होता.

"लागला," पप्पांनी ओरडून सांगितलं. "सोड आता ब्रेक."

प्राप्ती आरशात बघत राहिली. उजेड गेला असता तर ती दोघं अंधारात गेली असती, आणि तो उजेड तिच्या पायाखाली होता.

"सोड ना गो, प्राप्ती."

तिनं पाय काढला नाही. आणखी थोडा दाबला.