दिवा म्हणून लावलेला पंखा

शिवलिंगअप्पा लक्ष्मीपुरीतल्या विजेच्या दुकानातून ते खोकं घेऊन निघाले, तेव्हा रिक्षात ते स्वतःवरच खूश होते. घरात सगळ्यांचं भलं होईल आणि कुणाला दुखवावंही लागणार नाही, अशी वस्तू त्यांना सापडली होती.

त्यांची लेक सौंदर्या पहिल्या बाळंतपणासाठी कागलहून माहेरी आली होती. दिवस मे महिन्याचे. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरातली मधली खोली बाळंतिणीला दिलेली. खोलीला एकच खिडकी आणि तिच्यावर गौराबाईंनी, म्हणजे अप्पांच्या बायकोनं, जाड घोंगडं ठोकलेलं. कोपऱ्यात शेगडी, तिच्यावर ओव्याची धुरी, सौंदर्याच्या कानांवरून घट्ट बांधलेला रुमाल. वाऱ्याचं तर नावच काढायचं नाही.

"बाळंतवारं एकदा अंगात शिरलं की म्हातारपणी एकेक सांधा बोलतोय," गौराबाई सांगत. "मला दोन झाली. कवा पंखा बघितला न्हाय मी."

घरातला टेबल फॅन त्यांनी कपाटावर चढवून त्याच्यावर चादर टाकून दिली होती. सौंदर्या घामानं निथळत असे. बाळाच्या मानेवर घामोळं उठलं होतं. "अप्पा, मला शेंगदाण्यासारखं भाजायलंय हो," असं ती एकदा हसत म्हणाली. दुसऱ्यांदा तेच म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोशी वाद घालणं अप्पांना कधी जमलं नव्हतं. शाहूपुरीत गुळाच्या पेढीवर त्यांनी जन्मभर भल्याभल्यांशी घासाघीस केली, पण घरात गौराबाईंचा शब्द शेवटचा. म्हणून त्यांनी आडवाट धरली.

खोलीचं छत लाकडी फळ्यांचं, बुटकं. मोठा पंखा लटकवायला हूक नाही. दिव्याचा एक होल्डर तेवढा होता. दुकानदारानं नेमकं तेच ओळखलं. "पावणं, हूक नको, वायरिंग नको. बल्ब काढायचा आन् हे फिरवून बसवायचं. खालनं बघणाऱ्याला दिवाच दिसतोय की."

हे शेवटचं वाक्य अप्पांच्या मनात बसलं.

घरी आल्यावर त्यांनी खोकं उघडलं ते नातीपुढं. निशिगंधा ही त्यांच्या मुलाची मुलगी. आईवडील वारणानगरला नोकरीत, म्हणून सुट्टीत ती अज्जा-अज्जीकडं यायची. कुठलीही नवी वस्तू आली की अप्पा आधी ती तिच्या हातात देत आणि तिलाच बोलू देत. घाई करत नसत. तिनं चुकीचं सांगितलं तरी "बघ परत" एवढंच म्हणत.

"हे काय हाय?" निशिगंधानं विचारलं.

"तूच सांग."

तिनं ते उलटंसुलटं केलं. "कढई हाय. कढईत पंखा हाय. जाळी हाय. आन् कडंनं गोल दिवा हाय."

"आणि हे वर?"

"आटे. बाटलीच्या झाकणाला असत्यात तसे. पण आपल्या होल्डरला आटे कुठं हायत? त्याला दोन खाचा हायत."

अप्पांना फार आनंद झाला. त्यांनी खोक्यातून छोटा जोड काढून दाखवला. एका बाजूनं खाचेत अडकणारा, दुसऱ्या बाजूनं आट्यांचा. "आता याचे फायदे सांग."

"हूक नको. दिवा आन् पंखा एकातच. पाती जाळीत, म्हंजे कुणी हात वर केला तरी कापायचं न्हाय."

"शाब्बास. आता तोटे. वस्तू घेताना दोन्ही बाजू बघायच्या असतात."

तोटे मात्र अप्पांनाच सांगावे लागले. पाती एवढीशी, म्हणून वारा सुपाएवढ्या जागेत, बरोबर खाली बसलं तरच. होल्डर बनवलेला बल्बच्या वजनासाठी. त्यावर हे गरगरणारं ओझं लोंबकळत ठेवलं तर एक दिवस खाली येईल, म्हणून आधी होल्डर छताला पक्का करून घ्यायचा. "आणि सगळ्यात मोठा तोटा ऐक. दिवा आणि पंखा दोघांना मिळून भिंतीवरचं बटण एकच. ते कुणी बंद केलं की पंखा फिरवायचा हा हातातला रिमोट मुका. कितीही दाबा."

निशिगंधानं हे सगळं ध्यान देऊन ऐकलं. मग म्हणाली, "पण अज्जी तर पंखा लावू देत न्हाय."

"अज्जीला सांगायचं, दिवा आणलाय."

"पंखा न्हाय म्हणायचं?"

"पंख्याचं नावच काढायचं नाही. दिवा हाय का नाही हा? हाय. मग आपण खोटं कुठं बोलतोय?"

तिनं थोडा विचार केला आणि मान हलवली. अज्जांनी सांगितलेलं आजवर कधी चुकीचं निघालं नव्हतं.

गल्लीतल्या वायरमननं होल्डर पक्का करून दिला. गौराबाईंनी नवा दिवा बघून नाक मुरडलं. "कढईसारखा हाय. पण उजेड बरा पडतोय. लेकराचं तोंड तरी दिसंल." त्या वर बघत असताना अप्पा खिशातला रिमोट मुठीत दाबून उभे होते.

मग रोजचा क्रम ठरला. सकाळी आंघोळ करून, कपाळी विभूती लावून, तळहातावर इष्टलिंग घेऊन गौराबाई पूजेला बसत. पूजा होईपर्यंत त्या बोलत नसत की उठत नसत. तेवढ्यात अप्पा मधल्या खोलीत जाऊन रिमोट लेकीकडं देत. पंखा बारीक आवाजात फिरू लागे. सौंदर्या कानाचा रुमाल सैल करून डोळे मिटे. बाळही शांत झोपे. निशिगंधा दारात राखणीला बसे. पूजा संपल्याची घंटा वाजली की ती आत्याला म्हणे, "अत्ती, दिवा." आणि पंखा थांबे. बायको देवापुढं बसते ती वेळ साधून आपण तिला फसवतो, हे अप्पांच्या मनात एकदा येऊन गेलं. पण लेकीचा चेहरा बघून त्यांनी तो विचार मागं सारला.

अशातच कागलहून सौंदर्याच्या सासूबाई आल्या. त्यांना सगळे आक्का म्हणत. उंच, हाडापेरानं दणकट, आवाज खणखणीत. नातवासाठी झबली आणि सुनेसाठी डिंकाचे लाडू घेऊन भर उन्हात एसटीनं आलेल्या. हातपाय धुऊन त्या थेट बाळापाशी बसल्या. घामेजलेलं लेकरू बघून त्यांनी पदराचं टोक धरलं आणि हळूहळू वारा घालू लागल्या. गौराबाईंनी ते बघितलं. विहीणबाईंना पहिल्याच दिवशी काय बोलायचं, म्हणून गप्प बसल्या.

आक्का मुक्कामाला राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीही अप्पांनी लेकीकडं रिमोट दिला. आक्का तेव्हा आंघोळीला गेल्या होत्या.

दुपारी बाळ शिंकू लागलं. शिंकेमागून शिंक, आणि नाकातून घुरघुर आवाज. गौराबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी बाळाला छातीशी धरलं, ओव्याची पुरचुंडी शेकली आणि मग स्वयंपाकघरात येऊन जे बोलल्या ते साऱ्या घराला ऐकू गेलं.

"उन्हातनं आलेलं माणूस, टेकलं न्हाय तवर पदरानं वारा घालाय बसलं. माझ्या खोलीत आजवर वाऱ्याची झुळूक शिरली न्हवती. कोवळा जीव. त्यांनी काय बाळंतपणं केलीच न्हाईत काय?"

आक्का बाहेरच्या खोलीत चहाचा कप घेऊन बसल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला. समोर अप्पा पेपर वाचत होते. रिमोट त्यांच्या खिशात होता. आता बोलावं, असं त्यांना वाटलं. पुढची ओळ वाचून झाली की बोलू, असं ठरवून त्यांनी तीच ओळ परत वाचली.

गौराबाई बाहेर आल्या आणि निशिगंधाला जवळ ओढून म्हणाल्या, "तू असतीस न्हवं खोलीत? कुणी दार उघडं टाकलं? कुणी खिडकी उघडली?"

निशिगंधानं अप्पांकडं बघितलं. अप्पांनी पेपर थोडा वर केला.

"कुणी न्हाय," ती म्हणाली. "आक्कांनी पदर हलवला."

"बघा," गौराबाई म्हणाल्या. "लेकरू खोटं बोलंल काय?"

अप्पांना वाटलं, कुणीतरी आपल्या कानशिलात मारली. जिला त्यांनी घड्याळ बघायला शिकवलं, तराजू धरायला शिकवलं, 'बघ परत' म्हणून खरं काय ते शोधायला शिकवलं, तिनं आज त्यांचाच दुसरा धडा म्हणून दाखवला होता. आणि तोही बिनचूक.

"माझंच चुकलं असंल," एवढं म्हणून आक्का पिशवी भरायला उठल्या.

बाळाला रिक्षातून डॉक्टरांकडं नेलं, तेव्हा अप्पाही गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि हसल्या. सर्दी नाही, ताप नाही. एवढी बाळं नाक साफ करायला शिंकतातच, म्हणाल्या. मग घामोळं बघून जरा रागावल्या. खोलीत धूर करू नका, खिडकी उघडा, बाळाला एवढं गुंडाळू नका. गौराबाईंनी मान डोलावली, पण घरी येताना त्यांचा हेका तोच. "पदरानं वारा घातला नसता तर एवढं तरी झालं असतं काय?"

पंखा निर्दोष होता. पदरही निर्दोष होता. अप्पांना क्षणभर हायसं वाटलं आणि हायसं वाटलं याचीच लाज वाटली. कारण घरी पोचले तेव्हा आक्का पायरीवर चपला घालत होत्या. बारशाला विधीसाठी जंगम येणार, पैपावणे येणार. तिथं आक्का आल्या तर बाळाला आजारी पाडणारी आजी म्हणून येणार, आणि नाही आल्या तर सौंदर्यानं सासरी कुठल्या तोंडानं जायचं?

अप्पांनी आक्कांची पिशवी हातात घेतली. "स्टँडपर्यंत येतो." गल्लीच्या तोंडाशी आल्यावर ते थांबले. नजर खाली ठेवूनच त्यांनी सांगून टाकलं. दिवा, पंखा, रिमोट, सगळं.

आक्कांनी ऐकून घेतलं. "मला ठाव हाय की," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आज सकाळी न्हाणीतनं केस पुसत आलो, तर दिवा फिरत हुता. सुनबाईनं मला बघून असा हात जोडला." त्यांनी हात जोडून दाखवला. "मी परत न्हाणीत जाऊन बसलो."

"मग मघाशी बोलला का नाही?"

"काय बोलू? तुमची लेक पंखा लावती म्हणू? तिला तिच्या माहेरात बोलणी खायला लावू? तुमी बसला हुता न्हवं तिथं, पावणं. मला वाटलं, बाप हाय, बोलंल." त्यांनी पिशवीला हात घातला. "आन् मला सांगून काय उपेग? मी काय केलं, काय न्हाय, ते मला कुणी सांगाय नको. जिला सांगायचं तिला सांगा."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर अप्पांना सोपं गेलं असतं. त्यांनी पिशवी सोडली नाही. "मग चला माघारी," म्हणाले. "मी एकटा गेलो तर दारापर्यंत जाईन आणि परत पेपर उघडीन."

आक्कांनी त्यांच्याकडं नीट बघितलं आणि वळल्या.

मधल्या खोलीत बाळ झोपलं होतं. गौराबाईंनी दिवा बंद केला होता, घोंगड्याच्या कडेनं येईल तेवढाच उजेड. अप्पा आत आले, मागून आक्का. त्यांना बघून गौराबाईंच्या कपाळाला आठी पडली. सौंदर्या उठून बसली. निशिगंधा तिच्या पायाशी होती.

"गौरा, जरा वर बघ," अप्पा म्हणाले आणि खिशातून रिमोट काढून दाबला.

काहीच झालं नाही. त्यांनी परत दाबला. हात लांब करून, छताकडं रोखून दाबला. गौराबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. धीर गोळा करून आणलेला, तो सगळा बोटाच्या टोकाशी येऊन अडला होता.

"अज्जा," निशिगंधा हळूच म्हणाली, "भिंतीवरचं बटण. मोठा तोटा."

तिनंच उठून बटण लावलं. दिवा लागला आणि अप्पांनी रिमोट दाबल्यावर कढईतली पाती फिरू लागली. गौराबाईंच्या केसांची बट हलली. त्यांनी ती हातानं दाबून धरली, जणू वाऱ्याला केस दाखवायचे नव्हते.

"रोज असतो," अप्पा म्हणाले. "तू पूजेला बसलीस की. मीच लावतो. पोरीला गप्प राहायला मीच सांगितलं."

बाळ झोपेतच दोनदा शिंकलं आणि तसंच झोपून राहिलं.

"मी पूजेला बसल्यावर," गौराबाई शेवटी म्हणाल्या. बाकी काही नाही. मग त्या आक्कांकडं वळल्या, पण डोळे वर उचलेनात. अप्पांच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. तिथूनच म्हणाल्या, "आक्का, भाकरी टाकलीया. जेवल्याबिगर जायाचं न्हाय. आन् बारसं झाल्याबिगर तर न्हायच न्हाय."

"झुणका असंल तर राहतो," आक्का म्हणाल्या.

आक्का राहिल्या. खिडकीवरचं घोंगडं अर्धं वर गेलं. पंखा मात्र गौराबाईंनी लावू दिला नाही आणि काढायलाही सांगितला नाही. त्या अप्पांना ताट वाढत, चहा देत, पण पूजेला बसायच्या आधी न चुकता विचारत, "खिशात काय हाय?" आणि अप्पा दोन्ही खिसे उलटे करून दाखवत.

तेही त्यांनी सोसलं असतं. पण दोन दिवसांनी पायरीवर बसून ते निशिगंधाला सांगत होते, की गुळाच्या ढेपेला आधी फडकं आणि मग वर गोणपाट का गुंडाळतात. तिनं नेहमीसारखं ध्यान देऊन ऐकलं. ऐकून झाल्यावर उठली आणि आत गेली. तिचा आवाज बाहेर स्पष्ट ऐकू आला.

"आक्का, अज्जा सांगायलाय ते खरं हाय काय?"

अप्पा पायरीवरच बसून राहिले. आतून आक्का काय सांगतात, ते कान देऊन ऐकू लागले.