टाइलची पाठ

इंग्लंडमधल्या आमच्या स्टोक या चिनी मातीच्या भांड्यांच्या गावात कोणाच्याही घरी गेलं की माणूस आधी बशी उलटी करून बघतो आणि मगच चहाला तोंड लावतो. पाठीवर गावातल्या कारखान्याचा शिक्का दिसला की यजमान भला, नाही दिसला की वाया गेलेला. माझ्या सासूबाई ग्लेनिस यांनी हे हॉटेलात केलंय, लग्नात केलंय, एकदा तर मयताच्या चहालाही केलंय. एकतीस वर्षं त्या टाइलच्या कारखान्यात टाइलांवर हाताने रंग चढवत होत्या. आता तिथे गाद्यांचं दुकान आहे.

फेब्रुवारीत त्या जिन्यावरून पडल्या. पायाचं हाड वाचलं, पण पुढचा हिवाळा त्यांनी त्या घरात एकटीने काढणं आम्हाला पटेना. आमच्याकडे राहायला या म्हणून आम्ही हात धुऊन मागे लागलो.

"तुमच्या त्या तपकिरी फायरप्लेससमोर बसू? त्यापेक्षा पुन्हा जिन्यावरून पडते," त्या म्हणाल्या.

मग माझा नवरा क्लाइव्ह कामाला लागला. फायरप्लेसभोवतीच्या जुन्या टाइल ठोकून काढल्या, नव्या गर्द हिरव्या आणल्या आणि तीन दिवस गुडघ्यांवर बसून लावल्या. छान दिसत होत्या, खोटं कशाला बोलू? खोटं तो बोलला. टाइल होत्या पोर्तुगालच्या आणि या शहाण्याने फोनवर सांगितलं, "गावातल्याच आहेत, आई."

मी कपाळावर हात मारला. "अरे, एकतीस वर्षं घालवलीत त्यांनी! लगेच ओळखतील."

"कशा ओळखतील? भिंतीला लावलेल्या टाइलची पाठ कोण बघतंय?" असं म्हणून त्याने उरलेल्या टाइलचं खोकं बागेतल्या खोपट्यात लपवलं.

रविवारी सासूबाई आल्या. आल्या आल्या बशी उलटी केली, मान डोलावली आणि फायरप्लेससमोरच्या खुर्चीत बसून टाइल न्याहाळू लागल्या. मी ओटकेकमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या ओटच्या धिरड्यांत, चीज भरायला स्वयंपाकघरात गेले, क्लाइव्हही माझ्यामागे आला. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून 'टक्' असा आवाज आला.

जाऊन बघतो तर सासूबाई उशी टाकून गुडघ्यांवर बसलेल्या. एका हातात लोणी लावायची सुरी, दुसऱ्या हातात टाइल.

"ग्लेनिस! अहो, पाय!" मी ओरडले.

"पायाला काय धाड भरलीय? क्लाइव्ह, सिमेंट पातळ केलंस. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हातारीच्या हाताला टाइल निघते, तुला लाज नाही वाटत?"

क्लाइव्हचा चेहरा उतरला. "आई, मी खोटं बोललो. त्या गावातल्या नाहीत."

"ते फोनवरच कळलं मला. आमच्यातलं आता उरलंय कोण टाइल करायला?"

"मग काढलीत कशाला?" मला आता रागच आला होता. तीन दिवसांची मेहनत होती त्याची.

त्यांनी टाइल उलटी करून उजेडात धरली. मग म्हणाल्या, "आमचं काम आता कोण करतंय, ते बघायचं होतं."

खिशातला रुमाल काढून त्यांनी टाइलची पाठ पुसली. सिमेंट निघालं, परदेशी शिक्का दिसला आणि त्याच्या शेजारी कडेला हिरव्या रंगाचा एक लहानसा ठसा. रंग ओला असताना टाइल धरल्यामुळे उमटलेला अंगठा होता तो.

"बाईच आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणि घाईत होती. नगावर मजुरी असणार. मुकादम माझ्यावर ओरडायचा तसा हिच्यावरही ओरडत असेल, पाठ घाण करतेस म्हणून." त्यांनी आपला अंगठा त्या ठशावर टेकवला आणि तसाच ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले, लपवत नाही.

ओटकेक पार गार झाले. सासूबाईंनी क्लाइव्हला सिमेंट कालवायला लावलं, दोनदा नापास केलं, तिसऱ्यांदा आपल्या हाताने ती टाइल जागेवर दाबून बसवली. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या.

"वरची खोली नको मला," त्या टाइलकडे बघत म्हणाल्या. "माझा पलंग खाली टाका. जिथून ही दिसेल तिथे."