खाकी कागदावरचे पाय

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटले होते, एखाद्या चकचकीत कचेरीत बसेन. नशिबी आले ते बूट शिवणाऱ्या एका कारागिराचे दुकान. आधी मी नाक मुरडले, पण लवकरच त्याच्या हातांवर माझा जीव जडला. आखूड पाय, वाकडा घोटा, जुळलेली बोटे, अशा पायांसाठी तो बूट शिवायचा. पाय खाकी कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायचा आणि कडेला बारीक अक्षरांत लिहायचा, 'टाच अर्धा बोट उचलावी. अंगठ्याला दुखते.'

एका दुपारी त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, दुकानाची वेबसाइट करू या. इंटरनेटवर जागा फुकट मिळते."

"फुकट? मग त्यांचं पोट कशावर चालतं?"

"असेल काहीतरी. तुम्ही नका डोकं शिणवू."

तिने माझ्यावर अर्ज उघडला. तेवढ्यापुरता ईमेलचा नवा पत्ता काढला, पासवर्ड टाकला. मग अटींचे लांबलचक पान आले.

"वाच की जरा," बाबा म्हणाले.

"हे कोणीच वाचत नाही हो," म्हणत तिने खूण करून टाकली. वर्षभर खात्यात कोणी फिरकले नाही तर खाते पुसले जाईल, असे तिथे स्वच्छ लिहिले होते. मी वाचले, पण मला तोंड कुठे होते?

पुढची दोन वर्षे सुखाची गेली. सगळ्या कागदांचे फोटो तिने खात्यात चढवले. लांबलांबून माणसे पत्ता विचारत येऊ लागली. "आमचा डबा कामाचा निघाला!" म्हणत कारागीर माझ्या पाठीवर थाप मारायचा.

मी हळू चालू लागलो, तेव्हा तिने माझ्यातले फोटो काढून टाकले. कागदांना कसर लागली होती, तेही रद्दीत गेले. "सगळं वेबसाइटवर आहे, बाबा," ती म्हणाली. बाबा कागदांच्या रिकाम्या फळीकडे बघत राहिले.

पुढच्या वर्षी ते गेले. दुकान बंद झाले, मी तिच्या घरी कपाटावर चढलो. खात्यात कोणी फिरकले नाही. वर्ष भरत आले तशी खाते पुसण्याच्या इशाऱ्याची तीन पत्रे त्या ईमेलवर येऊन पडली. ती कोणी उघडलीच नाहीत.

मग एक दिवस गाणे शिकवणाऱ्या बाई आल्या, दुकानाचे जुने गिऱ्हाईक. त्यांचा बूट फाटला होता. दुसरा कारागीर शिवायला तयार होता, त्याला फक्त त्यांच्या पायाचा तो कागद हवा होता. मुलीने धूळ झटकून मला सुरू केले. पडद्यावर आले, 'असे कोणतेही खाते नाही.'

तिने दोनदा, तीनदा पत्ता टाकून पाहिला. मग खालमानेने म्हणाली, "बाई, पाय कागदावर पुन्हा काढता येईल की."

"पाय काढता येईल गं. कुठे काय दुखतं, हे कळायला तुझ्या वडिलांना चार वर्षं लागली होती. मी आता सत्तरीची झाले."

बाई भिंतीला हात लावत जिना उतरल्या. ती दारातच उभी राहिली.

मित्रांनो, कुणाचे दुखणे लिहिलेला कागद घरात असेल, तर तो रद्दीत घालू नका. माझ्यासारख्यांवर विसंबू नका. आम्ही सांगितले तेवढेच करतो, पुसायला सांगितले तर पुसतोही. हळहळायचे काम तेवढे तुमच्याकडे उरते.