पाहुण्यांचं नेटवर्क

मित्रांनो, मी एक जुना वायफाय राउटर आहे. जबलपुरात, गोहलपुरच्या एका घरात, टीव्हीच्या वर खिळ्याला टांगलेला. कारखान्यातून निघालो तेव्हा पांढराशुभ्र होतो. आता पिवळा पडलो आहे.

माझं काम सोपं. मोबाईल दाराशी येतो, पासवर्ड सांगतो. बरोबर असला तर मी आत घेतो आणि त्याचं बोलणं कुणाला वाचता येऊ नये असं गुप्त लिपीत बांधून पुढे पाठवतो. चुकला तर नाही म्हणतो.

घरच्या पार्वताबाईंनी पासवर्ड ठेवला होता पतीच्या नावाचा आणि जन्मसालाचा. आल्यागेल्याला चहाबरोबर तोही मिळे. ऐकताना मला ओशाळल्यासारखं होई, पण बाईंचा जीव मोठा होता. शेजारच्या दीक्षाला तर त्यांनी हाक मारून दिला होता. तिच्या घरात मोबाईलला रेंज नव्हती. तिचा सगळा अभ्यास भिंतीपलीकडून माझ्यावरच चाले.

एका सकाळी बाईंच्या मुलाने, शैलेंद्रने, माझी सेटिंग उघडली आणि तो हादरला. त्याने लगेच पासवर्ड बदलला.

"आई, किती अनजान मोबाईल घुसून राहिले! कोणी उलटंसुलटं काम केलं तर पोलीस आपल्या दारात येतील. नवा पासवर्ड कोणालेच सांगू नको."

बाईंनी मान डोलावली. तो कामावर गेला.

थोड्याच वेळात दीक्षा धावत आली. हॉस्पिटलच्या लॅबमधल्या नोकरीसाठी तिची मुलाखत मोबाईलवर सुरू होणार होती.

"आजी, वायफाय काहून लागून नाही राहिलं? पासवर्ड बदलला का?"

बाईंना नवा पासवर्ड पाठ होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"मले काय मालूम बेटा? शैलेंद्रच पाहते ते सगळं."

माझे हिरवे दिवे लुकलुकत होते. दीक्षाने ते पाहिले आणि ती रेंजसाठी रस्त्याकडे पळाली. तिथे वेल्डिंगच्या दुकानाच्या खणखणाटात तिचा आवाज पलीकडे पोचला नाही. मुलाखत हातची गेली.

संध्याकाळी बाई तिच्या दारात गेल्या आणि त्यांनी नवा पासवर्ड सांगितला.

"राहू द्या आजी," दीक्षा म्हणाली. "मी लायब्ररीत जात जाईन."

तेव्हापासून बाईंना जेवण गोड लागत नाही. आणि मला? मलाही फार लागून राहिलं आहे. पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क, वेगळा पासवर्ड देण्याची सोय माझ्यात पहिल्या दिवसापासून आहे. घरही सुरक्षित राहिलं असतं आणि दीक्षाची मुलाखतही झाली असती. ती सोय कुणी उघडून पाहिली नाही, आणि मला तोंड नाही.

मित्रांनो, पासवर्ड अवघड ठेवा, वेळोवेळी बदला. शैलेंद्रचं काही चुकलं नाही. पण ज्याला आपण होऊन आत घेतलं, त्याला पासवर्ड बदलण्याआधी जाऊन सांगा. मी यंत्र आहे. पासवर्ड चुकला की मला नाही म्हणावंच लागतं. पार्वताबाईंना लागत नव्हतं.